लोखंडाची चलबिचल

‘लोहचुंबक’ हा आपल्या भाषेतला मोठा गमतीदार शब्द आहे. इंग्रजीतल्या ‘मॅग्नेट’च्या पोटात ग्रीकांच्या मॅग्नेशिया नावाच्या मुलखाचे नाव आहे; लोखंडाची त्याला आठवणही नाही. आपण मात्र लोखंड आणि चुंबन यांची गाठ शब्दातच मारून टाकली. नुसते ‘चुंबक’ म्हटले तर वर्गातल्या मागच्या बाकांवर खसखस पिकते आणि त्याच्यापुढे ‘लोह’ लावले की सारे कसे शास्त्रशुद्ध होते, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. सांगायचे ते हे की, लोखंड म्हटले की चुंबकत्व आलेच, अशी जी समजूत आपल्या भाषेने करून घेतली, तीच शास्त्रज्ञांचीही होती. आणि त्या समजुतीपायी एका मोठ्या पंगतीत लोखंडाचे पान कित्येक वर्षे कोणी मांडलेच नाही. ती पंगत अतिसंवाहकांची.

“ऐन दिवाळीत हे काय काढलंत, बाई!” असे म्हणून पान उलटू नका. या सदरात मी एरवी शब्दांच्या मागे लागते, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. याही वेळी मी शब्दाच्याच मागे लागले होते. फक्त तो मला भलत्याच मुलखात घेऊन गेला.

माझी भाची पदार्थविज्ञानात पीएच.डी. करते. यंदा जूनमध्ये ती काही दिवस माझ्याकडे राहायला होती. तिच्या जुन्या मराठी शाळेने तिला बोलावले होते: नववीच्या मुलांना तुझ्या संशोधनाविषयी अर्धा तास सांग, आणि मराठीतून सांग. पोरगी दोन दिवस कागद घेऊन बसली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तांदूळ निवडत होते, तेव्हा येऊन म्हणाली, “मावशी, फ्लक्च्युएशनला मराठीत काय म्हणायचं?”

“चढउतार,” मी म्हटले.

“तो सोन्याच्या भावाचा.”

“मग अस्थिरता?”

“ती सरकारची.”

“आंदोलन?”

“अगं, नववीची पोरं आहेत. घोषणा द्यायला लागतील.”

वास्तविक आंदोलन म्हणजे मुळात झोका. बिचारा शब्द पाळण्यावर सुखाने झुलत होता. मोर्चेवाल्यांनी तो रस्त्यावर आणला. पण भाचीचे म्हणणे खरे होते. शब्द निवडायचा तर वस्तू आधी पाहायला हवी. मी तिला म्हटले, “कशाचं फ्लक्च्युएशन, ते तर सांग.” त्यावर तिने पुढच्या तीन संध्याकाळी जे सांगितले, त्यातले मला कळले तेवढे येथे मांडते.

आपल्या घरातली इस्त्री तापते, गिझर तापतो, ते कशामुळे? तारेतून वीज वाहते तेव्हा तार तिला थोडीफार अडवतेच. या अडवण्याला शाळेच्या पुस्तकात ‘रोध’ म्हणतात. इस्त्रीत तो आपल्याला हवाच असतो. पण वीजकेंद्रापासून घरापर्यंतच्या तारांत तो नुसता नुकसानीचा धनी. हॉलंडमधल्या लायडन गावी हाइके कामरलिंग ओन्नेस नावाच्या शास्त्रज्ञाने १९०८ साली हेलियम वायूचे द्रव करून दाखवले आणि त्या द्रवाच्या विलक्षण थंडीत एकेक धातू बुडवून त्याचा रोध मोजण्याचा सपाटा लावला. ८ एप्रिल १९११ या दिवशी पाळी पाऱ्याची होती. उष्णतामान ४.२ केल्व्हिनच्या, म्हणजे आपल्या भाषेत शून्याखाली २६९ अंशांच्या आसपास आले, आणि पाऱ्याचा रोध कमी झाला असे नव्हे, तर नाहीसाच झाला. वीज एकदा सोडली की वाहतच राहणार. कुठे अडणार नाही, काही तापणार नाही. हीच अतिसंवाहकता.

ही फार दूरची गोष्ट वाटत असेल तर एवढेच सांगते: तुमच्या घरातल्या कोणाची कंबर किंवा मेंदू तपासण्यासाठी एमआरआयच्या त्या बोगद्यात निजवले असेल, तर त्यांच्याभोवती अतिसंवाहक तारेची वेटोळी होती. ती नायोबियम आणि टायटेनियम यांच्या मिश्रधातूची असते आणि द्रव हेलियममध्ये बुडवून ठेवावी लागते. हेलियम महाग, दुर्मिळ आणि एकदा निसटला की परत हाती न लागणारा वायू. म्हणून तर कमी थंडीत काम भागवणारा अतिसंवाहक शोधण्याची एवढी धडपड चालली आहे.

असे का होते, हे कळायला पुढची शेचाळीस वर्षे लागली. १९५७ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात बार्डीन, कूपर आणि श्रीफर या तिघांनी (श्रीफर तर तेव्हा विद्यार्थीच होता) त्याचा उलगडा केला. १९७२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. उलगडा असा की, अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन एकेकटे हिंडत नाहीत, जोडीने हिंडतात, आणि सगळ्या जोड्या मिळून एका तालात चालतात. आता इलेक्ट्रॉन म्हणजे सारे ऋण विद्युतभाराचे. एकमेकांना दूर लोटणारे. त्यांची जोडी जमणार कशी? यासाठी पदार्थविज्ञानाच्या मंडळींनी गादीची उपमा फार दिवस चालवली आहे. कापसाच्या जुन्या गादीवर एक मूल बसले की खड्डा पडतो. ते उठून गेले तरी गादी लगेच फुगून वर येत नाही. तेवढ्यात दुसरे मूल आले तर ते घरंगळत त्याच खड्ड्यात जाते, मग त्या दोघांचे एरवी पटत असो वा नसो. धातूतल्या अणूंची जाळी ही ती गादी. पहिला इलेक्ट्रॉन जाताना जाळी किंचित आत ओढतो आणि दुसरा त्या ओढीला लागतो.

आता या कथेत लोहचुंबक खलनायक का, ते पाहा. प्रत्येक इलेक्ट्रॉन हाच एक अतिसूक्ष्म चुंबक असतो. या गुणाला ‘स्पिन’ म्हणतात. आपण फिरकी म्हणू. जोडीत एकाच्या फिरकीचे तोंड वर तर दुसरीचे खाली असते. शेजारी एखादा दांडगा चुंबकीय अणू आला तर तो एकाला गोंजारतो आणि दुसऱ्याला हुसकावतो, म्हणजे जोडी फुटलीच. १९५८ साली अमेरिकेत बर्न्ड मथायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लँथॅनम या अतिसंवाहक धातूत शेकडा एक या प्रमाणात गॅडोलिनियम हा चुंबकीय धातू मिसळून पाहिला. तेवढ्याने अतिसंवाहकता जवळजवळ संपली. शेरभर दुधात लिंबाचा थेंब!

हे मथायस मोठे हुन्नरी गृहस्थ. त्यांनी शेकडो नवे अतिसंवाहक शोधले. नवा अतिसंवाहक शोधणाऱ्याने काय टाळावे याचे काही नियम त्यांच्या नावावर सांगितले जातात. ऑक्सिजनपासून दूर राहा, चुंबकत्वापासून दूर राहा, विजेला मुळीच वाट न देणाऱ्या पदार्थांपासून दूर राहा, आणि सिद्धांत मांडणाऱ्यांपासूनही दूर राहा! शेवटचा नियम आमच्या साहित्यातल्या समीक्षकांना लावावा असे माझ्या मनात आले होते. पण ते असो.

नियम म्हटले की मोडणारे निघतातच. १९७९ साली जर्मनीत फ्रांक स्टेग्लिश यांना सीरियम या चुंबकीय धातूच्या संयुगात अतिसंवाहकता सापडली. उष्णतामान मात्र अर्ध्या केल्व्हिनच्या आसपास, त्यामुळे बाहेरच्या जगाने फारशी दखल घेतली नाही. १९८६ साली झुरिकला बेडनॉर्झ आणि म्युलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडांत अतिसंवाहकता शोधून मथायस यांचे तीन नियम एका दमात मोडले, आणि पुढच्या वर्षी ९३ केल्व्हिनची मजल गाठली गेली. १९९४ साली आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, इट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या मिश्रणात सुमारे १२ केल्व्हिनला अतिसंवाहकता आढळली. निकेल हे चुंबकत्वाच्या बाबतीत लोखंडाचे चुलत भावंड. पुढे त्याच कुळातल्या एर्बियमच्या संयुगात चुंबकीय शिस्त आणि अतिसंवाहकता एका घरात नांदताना दिसली. ही बातमी आपल्या घरची. ती शाळेत कोणी सांगत नाही, म्हणून येथे सांगितली.

तरी लोखंडाचे पान मांडलेले नव्हतेच. २००१ साली ओसाका येथे शुद्ध लोखंडावर हवेच्या दाबाच्या दीड ते तीन लाख पट दाब देऊन दोन केल्व्हिनपर्यंत अतिसंवाहकता दाखवण्यात आली. पण एवढ्या दाबाखाली लोखंडाचे नेहमीचे चुंबकत्व आधीच निघून गेलेले असते. म्हणजे चुंबकत्व सोडशील तरच पंगतीला बस, हा जुना दंडक उलट पक्काच झाला.

मग २००८ साल उजाडले. टोकियोच्या तंत्रशास्त्र संस्थेत हिदेओ होसोनो नावाचे प्राध्यापक अतिसंवाहक शोधतच नव्हते. त्यांचा ध्यास पारदर्शक अर्धसंवाहकांचा. त्यांच्या त्या कामातून निघालेले पदार्थ आज टीव्हीच्या पडद्यांत बसले आहेत. त्या शोधात थराथरांची नाना संयुगे करून पाहताना २००६ साली त्यांच्या गटाला लँथॅनम, लोखंड, फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांच्या संयुगात चारेक केल्व्हिनला अतिसंवाहकता दिसली. ४ केल्व्हिन म्हणजे १९११ सालचा पारा! कोणी फारसे लक्ष दिले नाही. होसोनो आणि त्यांचे तरुण सहकारी योइची कामिहारा यांनी मग फॉस्फरस काढून त्याच्या जागी आर्सेनिक घातले, आणि ऑक्सिजनच्या जागी थोडे फ्लोरिन. फेब्रुवारी २००८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: २६ केल्व्हिन.

आर्सेनिक म्हणजे आपल्या जुन्या रहस्यकथांतल्या सोमलातले मूलद्रव्य. एकीकडे लोखंड, अतिसंवाहकतेचा वैरी. दुसरीकडे सोमलाचा घटक, माणसाचा वैरी. आणि दोघांच्या पोटी हे अपत्य! जगातल्या प्रयोगशाळांनी हातातली कामे टाकली. दाब देऊन ४३ केल्व्हिन झाले. चीनमध्ये लँथॅनमच्या जागी समॅरियम घालून ४३ आणि एप्रिलच्या सुमारास बीजिंगला ५५ केल्व्हिन झाले. म्युनिकला बेरियमचे निराळे संयुग ३८ केल्व्हिनला चालले. एका वसंत ऋतूत एवढे सारे घडले.

पण शोध लागला म्हणजे कारण कळले असे होत नाही. पहिला प्रश्न साहजिकच गादीचा. जुन्या हिशेबाने, म्हणजे अणूंच्या जाळीच्या ओढीने, या पदार्थात अतिसंवाहकता किती केल्व्हिनपर्यंत टिकावी? २००८ सालीच तो हिशेब मांडला गेला, आणि उत्तर १ केल्व्हिनच्याही आत आले. दिसत होते २६. म्हणजे ही जोडी जमवणारा मध्यस्थ दुसराच कोणीतरी होता.

येथून भाचीच्या शब्दाची गोष्ट सुरू होते.

या संयुगांचे एक मूळ रूप असते. त्यात काही भेसळ केलेली नसते. (शास्त्रज्ञ ‘डोपिंग’ म्हणतात, भेसळ हा शब्द मी सुचवला आणि तो भाचीला आवडला. आपल्याकडे भेसळीने काही चांगले झाल्याचे हे एकच उदाहरण असावे!) हे मूळ रूप अतिसंवाहक नसते. ते थंड करीत नेले की दीडशे केल्व्हिनच्या आसपास त्याच्या स्फटिकाची चौकोनी जाळी किंचित लांबट होते आणि सुमारे १३७ केल्व्हिनला लोखंडाच्या अणूंवरच्या फिरक्या शिस्तीत उभ्या राहतात. एका ओळीत साऱ्यांची तोंडे इकडे, शेजारच्या ओळीत साऱ्यांची तिकडे, पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे, असे पट्टे पडतात. इकडचे आणि तिकडचे मिळून बेरीज शून्य. त्यामुळे हा पदार्थ टाचणीलाही ओढणार नाही. मग ही शिस्त दिसली कशी? न्यूट्रॉनने. न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो, पण तोही इवलासा चुंबक असतो. त्यांचा झोत स्फटिकावर सोडला की ते कोणत्या दिशांना उडतात यावरून आतल्या चुंबकांची मांडणी वाचता येते. अमेरिकेत पेंगचेंग दाई यांच्या गटाने २००८ सालीच ती वाचली.

आता फ्लोरिनची भेसळ सुरू करा. पट्ट्यांची शिस्त ढिली पडू लागते. भेसळ वाढवली की शिस्त पार मोडते आणि नेमक्या त्याच सुमाराला अतिसंवाहकता डोके वर काढते. वरवर पाहता जुना दंडकच खरा ठरला असे वाटेल: चुंबकत्व गेले आणि अतिसंवाहकता आली. तसे मी म्हटलेही. त्यावर भाची म्हणाली, “मावशी, शिस्त गेली. चुंबकत्व नाही गेलं.”

शाळेच्या मैदानावर प्रार्थनेची घंटा होण्यापूर्वीची दोन मिनिटे डोळ्यांसमोर आणा. मुले ओळीत उभी नाहीत, पण नुसती इतस्ततः पसरलेलीही नाहीत. इथे पाचसात जणांची ओळ बनते, तोवर तिथली मोडते. कोणी कोणाकडे पाहून सरळ होतो, दुसरा त्याला खेचतो, ओळ वाकते, पुन्हा उभी राहते. ओळीची चाहूल साऱ्या मैदानावर आहे; ओळ कुठेच ठरत नाही. लोखंडाच्या त्या थरात फिरक्यांचे हेच चाललेले असते. पट्टे पडू पाहतात, क्षणाच्याही अतिसूक्ष्म भागात विरतात, दुसरीकडे पडू पाहतात. हे ते फ्लक्च्युएशन.

“चलबिचल!” मी म्हटले. मनाची असते तशी. निर्णय झालेला नाही, पण निर्णयाची ओढ आहे. चढउतारात ही ओढ नाही आणि अस्थिरतेत ती असून नसल्यासारखी. भाचीने शब्द दोनदा तोंडात घोळवला आणि वहीत लिहून घेतला: चुंबकीय चलबिचल.

ही चलबिचल गादीचे काम करते, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. एक इलेक्ट्रॉन जातो, आपल्या फिरकीने आजूबाजूच्या फिरक्यांत लहर उठवतो, आणि ती लहर दुसऱ्यापर्यंत पोचते. गोठलेली शिस्त या कामाची नाही. ती ताठ, तिच्यात लहर सहजी उठत नाही. आणि मुळीच ओढ नसलेला गोंधळही कामाचा नाही. शिस्त मोडली आहे पण विसरलेली नाही, अशा काठावरच ही चलबिचल जोरात असते.

मात्र एक गोम आहे, आणि मला तर साऱ्या प्रकरणात हीच सर्वांत सुरस वाटली. गादी दोघांना जवळ आणते. चलबिचलीची लहर दूर लोटते! लोटणाऱ्याने जोडी जमवायची कशी? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेत इगोर माझिन आणि त्यांचे सहकारी यांनी, आणि जपानात कुरोकी आणि मंडळींनी २००८ सालीच, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, सारखेच सुचवले. या पदार्थांतल्या वाहत्या इलेक्ट्रॉनांच्या, त्यांच्या वेगाच्या आणि दिशेच्या हिशेबाने, दोन निराळ्या वस्त्या असतात. एकीला तळे म्हणा, दुसरीला मळा. पट्ट्यांची चलबिचल नेमकी अशा मापाची असते की ती जोडीला तळ्यातून मळ्यात आणि मळ्यातून तळ्यात टाकते. इलेक्ट्रॉनांची जोडी ही एक लाट असते आणि लाटेला अधिक-उणे असे चिन्ह असते. तळ्यातले चिन्ह अधिक आणि मळ्यातले उणे असले, तर प्रत्येक उडीला चिन्ह उलटते. लोटणे हा एक नकार, चिन्ह उलटणे हा दुसरा. आणि दोन नकार मिळून काय होते, हे मराठीच्या प्राध्यापिकेला कोणी शिकवायला नको. ‘तो येणार नाही असे नाही’ म्हटले की पाहुण्याचे पान मांडायचे! या मांडणीला ‘एस प्लस-मायनस’ असे नाव आहे. गणितातही ते अगदी याच वाटेने जाते, असे भाचीने मला शपथेवर सांगितले.

सुचवणे वेगळे आणि दाखवणे वेगळे. चिन्ह डोळ्यांना दिसत नाही. पण ते उलटे असेल तर एक गोष्ट घडावी लागते: अतिसंवाहकता सुरू होताच चलबिचलीचा पसरट गुंजारव एका ठराविक ऊर्जेशी गोळा व्हावा, तंबोरा लावताना भरकटणारा आवाज एका सुरावर येऊन बसावा तसा. २००८ सालीच इंग्लंडमधल्या ‘आयसिस’ या न्यूट्रॉन-केंद्रात बेरियम-पोटॅशियमच्या संयुगात हा सूर सापडला. ऊर्जा १४ सहस्रांश इलेक्ट्रॉन-व्होल्ट, आणि तीही नेमकी पट्ट्यांच्याच मापाला. २०१० साली जपानमध्ये हानागुरी यांच्या गटाने अतिसूक्ष्म सुईच्या सूक्ष्मदर्शकाखाली, चुंबकीय क्षेत्र लावून आणि काढून, इलेक्ट्रॉनांच्या लाटांच्या नक्षीत काय फरक पडतो ते पाहिले. तोही उलट्या चिन्हाच्या बाजूने बोलला.

म्हणजे खटला निकालात निघाला? नाही. विरुद्ध बाजूचे वकीलही तितकेच तयारीचे आहेत. ते म्हणतात, फिरक्यांच्या पट्ट्यांआधी स्फटिकाची जाळी लांबट होते, ते विसरलात काय? १३७ च्या आधी दीडशे येतात. इलेक्ट्रॉनांच्या कक्षाच आधी एका दिशेचा पक्षपात करू लागत असतील आणि चुंबकत्व त्यांच्या मागून फरफटत येत असेल. स्टॅनफर्डला फिशर यांच्या गटाने २०१० आणि २०१२ साली असे स्फटिक चिमट्यात धरून, ताणून पाहिले. तेव्हा जाळीच्या लांबट होण्यामागे इलेक्ट्रॉनांचाच हट्ट आहे, हे स्पष्ट झाले. पण तो हट्ट फिरक्यांचा की कक्षांचा? बी आधी की झाड आधी? जपानात कोंतानी आणि ओनारी यांनी २०१० साली कक्षांच्या चलबिचलीने जोडी जमते आणि चिन्ह मुळीच उलटत नाही, असा पक्ष मांडला. माझा कौल फिरक्यांकडे झुकतो. कारण विचाराल तर ‘तळ्यात-मळ्यात’ मला आवडले, एवढेच. आणि अशा कारणाने निवाडे होत नसतात.

या वादाचे खरे रणांगण म्हणजे लोखंड आणि सेलेनियम यांचे संयुग. घटक दोनच, सोमल नाही, रचना सर्वांत साधी. आणि वागणे सर्वांत अवघड. २००८ साली तैवानमध्ये ते ८ केल्व्हिनला अतिसंवाहक होते असे आढळले. दाब दिला की ते ३७ च्या आसपास जाते. २०१२ साली बीजिंगला त्याचा अवघ्या एका थराचा पापुद्रा स्ट्रॉन्शियम टिटॅनेटवर चढवला, तेव्हा त्यात ६५ केल्व्हिनच्या सुमारापर्यंत अतिसंवाहकतेच्या खुणा दिसल्या. मौज अशी की, या संयुगाची जाळी ९० केल्व्हिनला रीतसर लांबट होते, पण नेहमीच्या दाबाला पट्ट्यांची शिस्त कधीच येत नाही. घंटा होतच नाही! म्हणून कक्षावाले म्हणाले, पाहा, चुंबकत्वाशिवाय भागते. मग न्यूट्रॉनवाल्यांनी आत डोकावले, तर शिस्त नसली तरी चलबिचल भरपूर होती. २०१९ साली दाई यांच्या गटाने या संयुगाचे शेकडो बारीक स्फटिक बेरियमच्या मोठ्या स्फटिकांवर एकाच दिशेने चिकटवून, दाबून, मोजमाप केले. तेव्हा कमी ऊर्जेची चलबिचल एकाच दिशेची निघाली.

शाळेतला कार्यक्रम जुलैत झाला. ‘चलबिचल’ मुलांनी बिनतक्रार स्वीकारली. पण एका मुलीने विचारले, “ताई, थंडीत सगळं गारठून गप्प होतं. मग एवढ्या थंडीत हे का थांबत नाही?” प्रश्न मोठा नामी होता. तापल्याने होणारी थरथर थंडीत थांबते हे खरे. पण पुंजविज्ञानाच्या नियमाने जी चलबिचल होते तिला उष्णतेची गरजच नसते. ती अगदी शून्य केल्व्हिनलाही उरते, आणि शिस्त नेमकी शून्याशी येऊन मोडेल अशी भेसळ साधली तर तिथे ती सर्वांत जोरात असते. बेरियमच्या संयुगात आर्सेनिकच्या सुमारे तीस टक्के जागी फॉस्फरस घातला की हे ठिकाण येते. २०१२ साली जपानी शास्त्रज्ञांनी ते मोजून दाखवले. अतिसंवाहकतेचे उष्णतामानही तिथेच सर्वांत वर असते.

हे सारे ५५ केल्व्हिनच्या पुढे नेता येईल काय? जोडी कोण जमवतो हे पक्के कळल्याशिवाय पुढला पदार्थ कोणता शिजवावा हे कोण सांगणार? तोवर हात चालवणारे हात चालवीत आहेत. चीनमध्ये २०१६ साली लोखंडी अतिसंवाहकाची शंभर मीटर लांबीची तार काढण्यात आली. हे पदार्थ अतिशय तीव्र चुंबकीय क्षेत्रातही आपली अतिसंवाहकता सोडीत नाहीत. चुंबकाच्या वैऱ्याची तार, आणि ती वळायची ती प्रचंड चुंबक करण्यासाठीच!

भाचीचे काम त्या सेलेनियमच्या संयुगावर आहे. त्यातल्या सेलेनियमच्या जागी थोडे थोडे गंधक घालत गेले की जाळीचा लांबट होण्याचा हट्ट संपतो. हट्ट संपल्यावर फिरक्यांची चलबिचल किती उरते, हे तिला न्यूट्रॉनने पाहायचे आहे. ती उरली तर एका पक्षाला बळ, ओसरली तर दुसऱ्याला. आणि तिच्या प्रबंधाची चार वर्षे या एका आकड्यावर उभी आहेत. परदेशातल्या एका केंद्रात तिला नोव्हेंबरात सहा दिवस मिळाले आहेत. एक स्फटिक तांदळाच्या कणीएवढासुद्धा नसतो. एवढ्याशावरून न्यूट्रॉन पुरेसे उडत नाहीत. म्हणून भिंगाखाली, चिमट्याने, एकेक स्फटिक सारख्या दिशेला चिकटवावा लागतो. परवा फोन आला तेव्हा चारशे बारा झाले होते आणि अजून निम्मे राहिले होते. दिवाळीला येता येणार नाही म्हणाली. मी चकल्या आणि कडबोळी टपालाने धाडली आहेत.